बाबागाडीसह पॅरिस: सहा महिने ते दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आठवडाभर कसं फिरावं

पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि तिची बहुतेक स्थानकं अजूनही त्याच काळातली आहेत. रस्त्यावरून खाली एक जिना, मग लांब बोळ, मग आणखी दहा-पंधरा पायऱ्या, वळण, पुन्हा पायऱ्या. लिफ्ट क्वचितच. बाळ कडेवर, एका हातात बाबागाडी आणि खांद्यावर डायपरची बॅग अशा अवस्थेत दिवसातून चार वेळा हे केलं की संध्याकाळी आयफेल टॉवर बघायची इच्छाही उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका: बाळ बरोबर असताना पॅरिस जमिनीवरून बघायचं, म्हणजे बसने आणि पायी. मुक्काम कुठे करायचा, कुठली बाबागाडी घ्यायची, दिवस कसा आखायचा हे सगळं या एका निर्णयावर अवलंबून आहे.

निघण्यापूर्वी: कागदपत्रं आणि खाण्याचं सामान

बाळाला स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा शुल्क माफ आहे आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा मात्र बाळाचाही हवा आणि त्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. आई-वडिलांपैकी एकच जण बाळाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि बाळाचा जन्मदाखला अर्जाला तर लावाच, त्यांच्या प्रती प्रवासातही हाताशी ठेवा.

आपल्याकडच्या आई-आज्या हमखास एक चूक करतात: बॅगेत तुपाची बरणी ठेवतात. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात येतं. बाळाची दूध पावडर आणि बाळाचं तयार खाणं यांना माणशी २ किलोपर्यंत सूट आहे, पण ते कंपनीच्या पॅकिंगमधलं आणि उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावं न लागणारं हवं. रोजच्या वापरातला उघडा डबा चालतो. नाचणी सत्त्व, तांदूळ-मूगडाळीची भरड, राजगिऱ्याच्या लाह्या खुशाल न्या, फक्त त्यात घरी दूध पावडर मिसळू नका. तूप पॅरिसमध्येही मिळतं. गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ आणि भारतीय किराणा दुकानांची रांगच आहे. मूगडाळ, तांदूळ, हिंग, जिरं, तूप, सगळं तिथे आहे.

तापाचं औषध इथूनच न्या, पण त्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून बाळाच्या वजनानुसार मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. कारण महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असे असतात. फ्रान्समध्ये सर्रास मिळणाऱ्या डोलीप्रान सिरपमध्ये एका मिलिलिटरला २४ मिलिग्रॅम असतं आणि त्याच्या पिचकारीवर बाळाच्या वजनाचे, म्हणजे किलोचे आकडे छापलेले असतात. ती पिचकारी आपल्या थेंबांच्या बाटलीत बुडवली तर बाळाला चौपट औषध जाईल. ज्या बाटलीची पिचकारी त्याच बाटलीला, दुसरीला कधीच नाही.

बाबागाडी निवडताना

६ ते ८ किलो वजनाची, एका हाताने मिटणारी, पाठ बऱ्यापैकी आडवी होणारी आणि पाच पट्ट्यांची गाडी पॅरिसला सगळ्यात सोयीची. विमानाच्या केबिनमध्ये मावणाऱ्या अगदी हलक्या गाड्या मोहात पाडतात, पण त्यांची चाकं पुऱ्यांएवढी असतात. मोंमार्त्रच्या आणि मारे भागातल्या दगडी फरसबंदीवर ती अडकतात, पुढचं चाक आडवं होतं आणि झोपलेलं बाळ दचकून उठतं. उलट, मोठ्या चाकांची १२-१४ किलोची प्रॅम रस्त्यावर मस्त चालते, पण जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. मध्यम चाकांची घ्या. जुळ्यांसाठी शेजारी-शेजारी बसायची रुंद गाडी नेऊ नका. एकामागे एक बसायची गाडी बसच्या दारातून जाते, रुंद गाडी अडकते.

गाडीबरोबर कापडी बेबी कॅरिअर हवंच. शक्यतो छातीवर बांधायचं. पाठीवरची, धातूच्या चौकटीची कॅरिअर मोठ्या संग्रहालयांत आत नेऊ देत नाहीत. पावसाचं पारदर्शक कव्हर घ्या, कारण पॅरिसचा पाऊस बारीक पण केव्हाही येणारा असतो. हँडलला जड पिशवी अडकवू नका. बाळ उचलताच गाडी मागे कलंडते आणि गर्दीत पाकीटमारांचं काम सोपं होतं. सामान खालच्या जाळीत ठेवा, पासपोर्ट-पैसे अंगावर.

मुक्काम कुठे

खोली शोधताना आधी लिफ्टची चौकशी करा. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींत लिफ्ट नंतर जिन्याच्या मधल्या जागेत बसवलेली असते. तिच्यात दोन माणसं दाटीवाटीने मावतात, उघडी बाबागाडी मावत नाही. काही लिफ्ट तर अर्ध्या मजल्यावरून सुरू होतात, म्हणजे आधी सहा-सात पायऱ्या असतातच. लिफ्टच्या आतलं माप आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे दोन प्रश्न लेखी विचारा. तिसरा प्रश्न बाळाच्या खाटेचा: घडीच्या खाटेला तिथे ‘ली पाराप्ल्युई’ म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी मिळते, पण आधी सांगावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर खोलीला एसी आहे का, हेही विचारा. पॅरिसमध्ये तो गृहीत धरता येत नाही आणि उष्णतेच्या लाटेत वरच्या मजल्यावरच्या खोल्या फार तापतात.

आठवड्याच्या मुक्कामाला स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेलं छोटं अपार्टमेंट हॉटेलपेक्षा बरं. बाळाचा वरणभात कुणाला विनंती न करता शिजतो. आपली साधी दोन पिनांची चार्जरं तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन गोल पिनांचं प्लग बसत नाही. छोटा राइस कुकर नेणार असाल तर अडॅप्टर घ्या. वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच.

भाग निवडायचा तर दोन पर्याय चांगले. पहिला, लुक्साम्बूर बागेच्या आसपास, पाचवा किंवा सहावा विभाग (पॅरिस शहर क्रमांकांच्या विभागांत वाटलेलं आहे): महाग, पण बाग दाराशी. दुसरा, गार द लियों स्टेशन ते बेर्सी हा बाराव्या विभागातला पट्टा. तो पर्यटकांच्या यादीत खाली असतो, पण बाबागाडीवाल्यांसाठी आम्ही तो पहिला ठेवू. पदपथ रुंद, इमारती नव्या, बेर्सीची मोठी बाग जवळ आणि हातात मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन. ही लाइन १९९८ साली सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे. जून २०२४ पासून ती दक्षिणेला थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जाते. युरोपातल्या दुसऱ्या शहरातून ऑर्लीला उतरणाऱ्यांना एकही पायरी न चढता शहरात येता येतं.

विमानतळावरून खोलीपर्यंत

भारतातून येणारी विमानं शार्ल द गोल विमानतळावर उतरतात. विमानाच्या दाराशी दिलेली बाबागाडी दाराशीच परत मिळेल असं धरून चालू नका. पुष्कळदा ती सामानाच्या पट्ट्यावर किंवा मोठ्या सामानाच्या खिडकीशी येते आणि तिथपर्यंत चालणं लांबचं असतं, मध्ये पासपोर्टची रांगही असते. बाळाला कॅरिअरमध्ये बांधूनच विमानातून उतरा.

शहरात जायला आरईआर-बी ही उपनगरी गाडी स्वस्त पडते. २०२५ मध्ये विमानतळाचं तिकीट १३ युरो होतं, दर जानेवारीत थोडं वाढतं, आणि चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पण रात्रभर जागलेलं बाळ, दोन सूटकेस आणि बाबागाडी घेऊन गार द्यु नोरच्या गर्दीत गाडी बदलायची म्हणजे पहिल्याच तासात दमणं. पहिल्या दिवशी टॅक्सी करा. शार्ल द गोलहून पॅरिस शहरात कुठेही जायला दर ठरलेला आहे: २०२५ मध्ये सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. बाहेरच्या अधिकृत टॅक्सी रांगेतूनच गाडी घ्या. आत ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे येणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. फ्रान्समध्ये टॅक्सीत बाळासाठी कार सीटची कायद्याने सक्ती नाही, म्हणून रांगेतल्या टॅक्सीत ती बहुधा नसते. सीट हवी असेल, आणि ती हवीच असं आमचं मत आहे, तर आदल्या दिवशी बाळाचं वजन सांगून गाडी आरक्षित करा.

बसचं तंत्र

पॅरिसच्या बस खालच्या तळाच्या आहेत आणि मधल्या दाराशी बाबागाडी व व्हीलचेअरसाठी मोकळी जागा असते. उघडी गाडी तशीच आत नेता येते. पद्धत अशी: थांब्यावर बस दिसली की हात करा, नाहीतर चालक थांबेलच असं नाही. मधल्या दाराशी उभे राहा. दार उघडलं नाही तर ‘ला पोर्त, सिल व्हू प्ले’ (कृपया, दार) असं मोठ्याने म्हणा. तसं म्हणणं तिथे उद्धट समजत नाहीत. मागची चाकं आधी, म्हणजे गाडी उलटी ओढत आत घ्या. पुढची छोटी चाकं फटीत अडकण्याचा धोका टळतो. आत गेल्यावर गाडीची पाठ बसच्या पुढच्या दिशेला ठेवा, ब्रेक लावा आणि एक हात हँडलवरच राहू द्या. पॅरिसचे चालक ब्रेक जोरात मारतात. मग तिकिटाचं कार्ड यंत्राला लावा. व्हीलचेअर आली तर जागेवर तिचा पहिला हक्क, अशा वेळी बाळ कडेवर घेऊन गाडी मिटावी लागते. एका बसमध्ये दोन बाबागाड्या आधीच असतील तर पुढच्या बसची वाट बघा.

सकाळी ८ ते ९.३० आणि संध्याकाळी ५ ते ७.३० बसमध्ये शिरण्याचा हट्ट नको.

२०२५ पासून बस-ट्रामचं तिकीट वेगळं आणि मेट्रो-आरईआरचं वेगळं झालं. त्या वर्षी बसचं २ युरो आणि मेट्रोचं २.५० युरो होतं. बसच्या तिकिटावर दीड तासात दुसरी बस किंवा ट्राम घेता येते, मेट्रो नाही. तिकिटं भरून ठेवायचं दोन युरोंचं नाविगो ईझी कार्ड प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःचं घ्यायचं. पूर्ण आठवडा राहणार असाल आणि सोमवारच्या सुमारास पोहोचणार असाल तर नाविगोचा साप्ताहिक पास बघा. तो सोमवार ते रविवार असाच चालतो, मधल्या वारापासून सात दिवस मोजत नाहीत. त्यात विमानतळाचा प्रवासही येतो. त्याला छोटा फोटो लागतो, घरून कापून न्या.

६९ नंबरची बस लक्षात ठेवा. बास्तीय, ओतेल द व्हील, लूव्र, दॉर्से संग्रहालय असं करत ती आयफेल टॉवरसमोरच्या शां द मार्सला पोहोचते. बाळ मांडीवर झोपलं असेल तर नुसतं खिडकीशी बसून अर्धं पॅरिस दिसतं. मोंमार्त्रच्या टेकडीवर ४० नंबरची छोटी बस चढते.

मेट्रो घ्यावीच लागली तर १४ नंबरची घ्या. दुसरी घ्यावी लागली तर शातले स्थानकावर गाडी बदलायची वेळ येणार नाही असा मार्ग निवडा, तिथले भुयारी रस्ते संपता संपत नाहीत. फिरत्या दारातून बाबागाडी जात नाही, बाजूचं रुंद दार असतं. ते बंद असेल तर इंटरकॉमचं बटण दाबा, कर्मचारी उघडतो. जिन्यावर बाळासकट गाडी उचलायची असेल तर एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने पुढच्या चाकांवरची मुख्य चौकट. पाय ठेवायची पट्टी किंवा समोरचा आडवा दांडा धरू नका, तो निसटतो. त्याहून सुरक्षित म्हणजे बाळ कॅरिअरमध्ये आणि गाडी मिटून हातात. सरकत्या जिन्यावर उघडी गाडी नकोच.

दिवस कसा आखावा

उन्हाळ्यात पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. घरी सहाला उठणारं बाळ पहिले दोन-तीन दिवस उन्हाळ्यात पहाटे अडीचला, हिवाळ्यात दीडला टक्क जागं होईल. दिवे मोठे करू नका, खेळणी काढू नका, दूध देऊन पुन्हा निजवा आणि सकाळ झाली की लगेच उजेडात न्या. रोज तासभर तरी सरकतं. एक फायदाही आहे: सात वाजता बेकरी उघडते तेव्हा तुम्ही दारात असता आणि आठ वाजता सेनचा काठ जवळजवळ तुमचाच असतो.

त्यामुळे दिवसाचं एक मोठं ठिकाण सकाळी, दुपार बागेत, संध्याकाळी लवकर घरी. दोन संग्रहालयं एका दिवसात बसवू नका.

सेनकाठचा पार्क रीव्ह द सेन हा बाळाच्या झोपेसाठी उत्तम रस्ता आहे. पूर्वी तिथून मोटारी धावायच्या. आता दोन्ही काठांवर मिळून ७ किलोमीटर फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळे आहेत, तेही सपाट डांबराचे. खाली उतरताना दगडी जिना टाळून उतारावरून जा. इतर बागांमध्ये लुक्साम्बूर अर्थातच: वाळूचा हौद, तळ्यात सोडायच्या शिडाच्या होड्या आणि लहान मुलांसाठी राखीव हिरवळ. बाकीच्या हिरवळीवर बसू देत नाहीत, तेव्हा पाटी बघा. प्लास दे व्होजमध्ये हिरवळ खुली असते. जार्दें दे प्लांत सपाट आणि मोठी. ब्युत-शोमों सुंदर आहे पण चढ-उताराची, तिथे गाडी ढकलून दमाल. जून २०२५ च्या अखेरीपासून फ्रान्समध्ये बागांत आणि बसथांब्यांवर सिगारेट ओढायला बंदी आहे. कॅफेंच्या बाहेरच्या टेबलांवर मात्र ती चालते, म्हणून बाळ बरोबर असेल तर आत बसा.

लूव्र मंगळवारी बंद, दॉर्से सोमवारी. दोन्हीकडे वेळ आरक्षित करून जा. जानेवारी २०२६ पासून लूव्रने युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे, १८ वर्षांखाली प्रवेश मोफत. काचेच्या पिरॅमिडमध्ये गोल जिन्याच्या मधोमध उघडी, दंडगोल लिफ्ट आहे, ती बाबागाड्यांसाठीही चालते. लूव्रमध्ये बाबागाडी मोफत उसनी मिळते. मोनालिसाच्या खोलीत मात्र गाडी न्यायचा आग्रह धरू नका. गर्दीत लोकांना खालची गाडी दिसत नाही. एकाने बाळाबरोबर शिल्पांच्या दालनात थांबायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं, मग अदलाबदल.

आयफेल टॉवरवर मिटणारी गाडीच नेता येते आणि लिफ्टमध्ये ती मिटूनच धरावी लागते. कॅरिअर बरं. दुसरा मजला ११६ मीटरवर आहे आणि बाळासाठी तेवढा पुरे. वर शिखरावर वारा फार आणि लिफ्टची रांग दुसरी. आर्क द त्रियोंफ या विजय-कमानीच्या गच्चीवर जायला २८४ पायऱ्या आहेत. सेंत-शापेल या जुन्या चॅपेलच्या वरच्या, रंगीत काचांच्या दालनात अरुंद गोल जिन्याने जावं लागतं. ही दोन्ही कॅरिअरची कामं, किंवा पाळीपाळीने बघायची. मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चला पायथ्यापासून फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर रुळांवरून चढणारी गाडी आहे, टेकडीचा लांब जिना टळतो.

उन्हाळ्यात झोपलेल्या बाळावर दुपटं किंवा ओढणी टाकून गाडी झाकू नका. आत हवा कोंडून काही मिनिटांत तापमान वाढतं. गाडीचं छत पुढे ओढा, छत्री लावा, सावलीच्या बाजूने चाला.

दूध, जेवण, डायपर

नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. रस्त्यावरची हिरवी वॉलेस कारंजी १८७२ पासून लोकांना पाणी पाजतात. पावडरच्या दुधासाठी बाटलीबंद पाणी घेणार असाल तर कमी क्षारांचं घ्या. एव्हियाँ, व्होल्विक अशा बाटल्यांवर ते तान्ह्या बाळांना चालतं असं छापलेलं असतं. चवीला वेगळ्या, जास्त क्षारांच्या बाटल्याही त्याच फळीवर असतात, लेबल बघा. फ्रेंच दूध पावडर तीन टप्प्यांत येते: ‘प्रमिए आझ’ सहा महिन्यांपर्यंत, ‘दझिएम आझ’ सहा ते बारा, त्यापुढे ‘क्रवासाँस’. आपल्या डब्यातलं माप तिथल्या डब्याला वापरू नका. प्रवासाच्या आठवड्यात पावडर बदलणं टाळलेलंच बरं, पुरेल एवढी घरून न्या.

रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं साधारण १२ ते २ आणि संध्याकाळी ७ नंतर चालतात. बाळाची जेवायची वेळ सहाची. त्यामुळे रात्रीचं जेवण घरी, बाहेरचं जेवण दुपारी, बाराच्या ठोक्याला. ‘सेर्व्हिस काँतिन्यू’ अशी पाटी असलेल्या ब्रासरीत, म्हणजे मोठ्या कॅफेसारख्या रेस्टॉरंटात, दिवसभर जेवण मिळतं. छोट्या बिस्त्रोत, म्हणजे साध्या खानावळीत, उंच खुर्ची बहुधा नसते, कापडी पट्ट्याची घडीची सीट बॅगेत असली तर कामाला येते.

डायपर, म्हणजे ‘कूश’, मोनोप्री, कार्फूर, फ्रांप्री यांसारख्या दुकानांत मिळतात. वजनाचा आकडा बघून घ्या. घरून तीन दिवसांचेच न्या, तेवढी जागा बॅगेत वाचते. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. रस्त्यावरची सानिझेत ही स्वयंचलित स्वच्छतागृहं मोफत आहेत, पण त्यांत डायपर बदलायला फळी असेल असं धरू नका, आणि प्रत्येक वापरानंतर ती आतून धुतली जात असल्याने फरशी ओली असते. आधीचा माणूस बाहेर आल्यावर दार बंद होऊन धुणं पूर्ण होऊ द्या, मगच आत जा, नाहीतर पाणी अंगावर येतं. डायपर बदलायला संग्रहालयं आणि मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स जास्त भरवशाची, त्यातही मुलांच्या कपड्यांचा मजला. बागेत बाकावर घडीची मॅट अंथरून बदललं तरी कुणी नाकं मुरडत नाही. सार्वजनिक जागी अंगावर पाजणंही नेहमीचंच आहे.

बाळ आजारी पडलं तर

साध्या सर्दी-जुलाबाला हिरव्या क्रॉसच्या फार्मसीत जा. तिथले फार्मासिस्ट नीट विचारपूस करून सांगतात आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवतात. तातडीच्या वैद्यकीय मदतीला १५ हा क्रमांक, किंवा सगळ्या युरोपात चालणारा ११२. मुलांचं तातडीचं उपचार केंद्र पंधराव्या विभागातल्या नेकेर रुग्णालयात, बाराव्या विभागातल्या त्रूसो रुग्णालयात आणि ईशान्येकडच्या रोबेर-देब्रे रुग्णालयात आहे. तुमच्या मुक्कामापासून जवळचं कुठलं ते पहिल्याच दिवशी नकाशावर खूण करून ठेवा. विम्याचा चोवीस तासांचा फोन नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा. बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी मूळ प्रतीत जपा, भारतात दावा करताना त्याच लागतात.